फॉरवर्ड करून करून फोटो झिजतो का?

काठपदर
आईच्या पंचाहत्तरीसाठी नातेवाइकांकडून जुने-नवे फोटो गोळा करते आहे. घरच्या ग्रुपवर 'असतील ते टाका' म्हटलं आणि धो धो पाऊस पडला. पण निम्म्याहून जास्त फोटो असे की आत्या कुठली आणि मागचा पडदा कुठला ते कळेना. तोच फोटो चौघांनी टाकलाय आणि चारही वेगळे दिसतात: एक पिवळट, एक चौकोनी-चौकोनी, एक कडेने कापलेला.
भाचा म्हणतो, "मावशी, डिजिटल गोष्ट झिजत नाही. कॉपी म्हणजे कॉपी, शून्य आणि एकच." दीर म्हणतात, दर फॉरवर्डला थोडी क्वालिटी जाते. दोघंही ठाम. जाणकारांनी सांगावं, खरं कोण? आणि जमल्यास उपायही.

सिग्नल_सुटला
भाचा बरोबर. फाईलची कॉपी लाख वेळा करा, एक बिटसुद्धा हलत नाही. विषय संपला.

झणझणीत
विषय संपला म्हणतोस तर हे चार फोटो वेगळे कसे रे? चौघांच्या घरचे शून्य-एक वेगळे होते का?

रानवारा
सिग्नलदादांचं वाक्य खरं आहे, पण काठपदरताईंच्या प्रश्नाला लागू नाही. पेनड्राइव्हवर घेतली, हार्डडिस्कवर टाकली, मेलला जोडली तर ती कॉपी असते. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून टाकला की कॉपी होतच नाही. ॲप तो फोटो उघडतं, लहान करतं आणि नवा जेपीजी बनवून तो पाठवतं. फोनच्या बारा मेगापिक्सेल कॅमेऱ्याचा फोटो ४००० बाय ३००० असतो. साध्या क्वालिटीत समोर पोचतो तो साधारण १६०० बाय १२००. म्हणजे पिक्सेल एक षष्ठांश उरले, आणि वर दाबून (म्हणजे कॉम्प्रेस करून) बसवले ते वेगळंच. फेसबुक २०४८ पिक्सेलवर आणतं, इन्स्टा १०८० वर.

सिग्नल_सुटला
बरं. पण मग दीरही चूकच ना? फॉरवर्डला क्वालिटी जात नाही. ग्रुपवर आलेला फोटो 'फॉरवर्ड' दाबून पुढे ढकलला तर आधीच अपलोड झालेली फाईलच पुढे जाते, पुन्हा दाबत नाहीत. म्हणून तर फॉरवर्ड क्षणात जातो आणि नवीन फोटो गोल गोल फिरत बसतो.

रानवारा
हे मान्य. मार बसतो तो पहिल्यांदा पाठवताना, आणि मग जेव्हा कुणी सेव्ह करून, कापून, वर 'सुप्रभात' लिहून किंवा स्टेटसचा स्क्रीनशॉट काढून नव्याने टाकतो तेव्हा. आपली मंडळी नेमकं तेच करतात. माझे सासरे फॉरवर्ड बटण वापरतच नाहीत. स्क्रीनशॉट काढतात, त्यात वर बॅटरी १४ टक्के दिसत असते.

झणझणीत
आमच्याकडे तर स्क्रीनशॉटचा स्क्रीनशॉट येतो. दोन बॅटऱ्या दिसतात. वंशावळच म्हणा ना.

हिरवाचाफा
मला एक मूलभूत शंका. जेपीजी नक्की काय फेकून देतं? आणि एकदा फेकलं तर दुसऱ्या वेळी आणखी काय फेकायचं उरतं?

अंशछेद
चाफाताई, फार चांगला प्रश्न. जरा लांबण लागेल.

जेपीजी चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन पाडतं. प्रत्येक चौकोनातले ६४ आकडे एका गणिती रूपांतरातून काढले की पुन्हा ६४ आकडेच मिळतात, पण वेगळ्या अर्थाचे. पहिला सांगतो चौकोन सरासरी किती उजळ आहे. पुढचे सांगतात की त्यात हळू बदल किती आणि बारीक, भरभर बदल किती. डोळ्याला बारीक बदलातला फरक फारसा कळत नाही, म्हणून ते आकडे जाडजूड राउंड करतात. बरेचसे शून्यच होतात आणि तिथे जागा वाचते. फेकाफेक होते ती या राउंडिंगमध्ये. खूप दाबला की चौकोनाच्या कडा उघड्या पडतात, तेच ताईंना दिसणारं 'चौकोनी-चौकोनी'.

आता दुसऱ्या वेळी काय उरतं? असं समजा, वाणी बिल राउंड करतो. बिल ३४, तो दहाच्या पटीत ३० करतो. तोच वाणी तेच बिल पुन्हा राउंड करेल तर ३०च राहणार. म्हणून त्याच प्रोग्रॅममध्ये, त्याच क्वालिटीला, काहीही न बदलता जेपीजी पुन्हा पुन्हा सेव्ह केला तर थोड्या फेऱ्यांनंतर तो जवळजवळ स्थिरावतो. पण वाणी बदलले तर? ३० चे सातच्या पटीत २८. त्याचे बाराच्या पटीत २४. ते पुन्हा पहिल्याकडे गेले की २०. चौतीसचे वीस झाले आणि प्रत्येकाने प्रामाणिकपणे राउंडच केलं. व्हॉट्सॲप, फेसबुक, गॅलरीतलं एडिटर, कोलाज बनवणारं ॲप, सगळ्यांचे राउंडिंगचे तक्ते वेगळे.

त्यात मध्ये कुणी फोटो तीन पिक्सेलने कापला की ८ च्या चौकोनांची जाळीच सरकते. आकार बदलला तर विचारायलाच नको. मग आधीच्या जाळीच्या खुणासुद्धा चित्राचाच भाग समजून जपल्या जातात.

झणझणीत
सातच्या पटीत हिशेब करणाऱ्या त्या वाण्याचा पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. बिल उतरतच चाललंय.

हिरवाचाफा
अंशछेद, पहिल्यांदाच कळलं. धन्यवाद!

उंबरठा
अवांतर: हे जे रूपांतर आहे त्यामागे मूळचा बंगळुरूचा माणूस आहे, नासिर अहमद. तिथेच इंजिनिअरिंग करून अमेरिकेत गेले. १९७२ साली केन्सास स्टेटमध्ये असताना या कल्पनेवर काम करायला त्यांनी अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे पैसे मागितले, ते नाकारले गेले. कल्पना फारच सोपी वाटली म्हणे. तरी टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासोबत काम पुरं करून जानेवारी १९७४ मध्ये शोधनिबंध छापला. जेपीजीचं मानक आलं १९९२ ला. आज घराघरात रोज सकाळी फुलं आणि सुविचार पोचतात ते या तिघांच्या कृपेने.

झणझणीत
म्हणजे सुप्रभातचं खापर फोडायला आता नावं मिळाली.

फ्लेक्सगिरी
आमचा धंदाच फ्लेक्सचा, त्यामुळे या धाग्यावर येणं भाग आहे. रोजचा संवाद सांगतो.
"दादा, उद्या भाऊंचा वाढदिवस, दहा बाय आठचा बोर्ड, फोटो पाठवलाय."
बघतो तर डीपीचा स्क्रीनशॉट. डीपी म्हणजे जेमतेम ६४० पिक्सेल. दहा फूट म्हणजे १२० इंच. इंचाला पाच पिक्सेल! भाऊंचा गॉगल कुठे संपतो आणि मिशी कुठे सुरू होते ते भाऊच सांगू शकतील. मी म्हणतो, फोटो फुटेल. तर उत्तर ठरलेलं, "मोबाईलवर तर क्लिअर दिसतोय."
ओरिजिनल मागितला तर फोटोग्राफरला फोन, तो म्हणतो डिलिट झाला. मग कार्यकर्ते गेल्या वर्षीच्या बोर्डाचा मोबाईलवर काढलेला फोटो पाठवतात. त्याला कोपऱ्यात विजेची तार आडवी आलेली असते, ती मी कोरल सॉफ्टवेअरमध्ये बसून पुसायची.
तरी खरं सांगतो, सोळाशे पिक्सेलचा नीट फोटो मिळाला तर दहा फुटांना इंचाला तेरा पडतात, आणि चौकातल्या उंच बोर्डाला ते चालून जातं. लोक खालून, वीस-पंचवीस फुटांवरून बघतात. फुटण्यापेक्षा मला त्रास होतो तो दाबलेल्या रंगांचा. गुलाल उधळलेला फोटो असेल तर संपलंच. लाल रंग कडेने बाहेर सांडतो.

अंशछेद
फ्लेक्सदादा, तो लाल उगाच सांडत नाही. जेपीजी उजेड आणि रंग वेगळे करून साठवतं. उजेड प्रत्येक पिक्सेलचा, पण रंग बहुतेक वेळा २ बाय २, म्हणजे चार पिक्सेलना मिळून एकच. डोळा उजेडातल्या फरकाला तिखट आणि रंगातल्या फरकाला मंद, त्यामुळे सहसा कळत नाही. पण गडद लाल रंगात उजेडाचा फरकच कमी असतो, सगळा तपशील रंगातच. तोच निघून जातो. लग्नातल्या लाल शालूचं विणकाम फोटोत सपाट दिसतं ते यामुळे.

काठपदर
अय्या! आईचा शालू लालच आहे. आणि त्या फोटोत जरीचा काठ म्हणजे नुसती पिवळी रेघ दिसतेय.

निमूट
उगाच एवढा काथ्याकूट. फोटो धूसर असला तर काय बिघडलं? माझ्याकडे आजोळच्या वाड्याचा एकच फोटो आहे, तोही कुणाच्या तरी फेसबुकवरून उतरवलेला. मला त्यात सगळं दिसतं. मेगापिक्सेल मोजत बसणाऱ्यांना काय दिसतं कुणास ठाऊक.

रानवारा
निमूट, तुम्ही वाडा पाहिलाय म्हणून तुम्हाला दिसतं. तुमच्या नातवाला तेवढाच धूसर चौकोन दिसणार.

निमूट
नातवाला वाड्यात रस असेल हे गृहीत धरलंत याबद्दल आभार.

टेपरेकॉर्डर
कॅसेटच्या जमान्यातल्यांना यात नवीन काही नाही. मैफलीचं रेकॉर्डिंग ज्याने केलं त्याची कॅसेट 'पहिली'. त्याच्यावरून केलेली दुसरी. आमच्यापर्यंत पोचायची ती चौथी-पाचवी, तंबोऱ्यापेक्षा खरखर जास्त. पण तिथे गंमत अशी की प्रत्येकाला माहीत असायचं आपल्याकडे कितवी आहे. कव्हरवर लिहून ठेवायचे लोक, 'अमक्यांच्या कॅसेटवरून'. आज फोटो कितवा आहे हे कुणालाच ठाऊक नसतं. सगळे समजतात आपल्याकडे ओरिजिनलच आहे.

अंशछेद
हे फार पटलं. शिवाय फोटोबरोबर तारीख, कॅमेरा, जागा अशी माहिती फाईलमध्येच साठवलेली असते. व्हॉट्सॲप आणि फेसबुक ती काढून टाकतात. खाजगीपणासाठी ते बरंच आहे, पण कव्हरवरचं लिखाण त्यातच जातं.

बे_एरियाकर
रंगांवरून आठवलं. चीनमध्ये बायडू टिएबा नावाचं मोठं चर्चास्थळ आहे. तिथे पुन्हा पुन्हा चढवलेली चित्रं हळूहळू हिरवी पडायची. नुसती धूसर नाही, चक्क शेवाळलेली. लोकांनी शोधून काढलं की अँड्रॉइडच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये चित्रं हाताळणारी जी स्किया नावाची लायब्ररी आहे, ती रंगांचं रूपांतर करताना आकडा जवळच्या पूर्णांकाला न नेता सरळ खाली छाटायची. जेपीजी रंग दोन आकड्यांत साठवतं; दर वेळी ते किंचित खाली, आणि दोन्ही खाली गेले की चित्र हिरव्याकडे झुकतं. एकदा करून दिसत नाही, पण शेकडो हातांतून गेलं की चित्रातली माणसं परग्रहावरची.

झणझणीत
काठपदरताई, पिवळट फोटोवर समाधान माना. आत्या हिरवी झालेली नाही.

मोडीमोह
मी वेगळ्या बाजूने लिहिते. मोडी वाचनाच्या ग्रुपवर रोज कुणी ना कुणी घरातला जुना कागद टाकतं, "ताई, एवढं वाचून द्या." कागद दोनशे वर्षं टिकलेला असतो आणि त्याचा फोटो चार दिवसांत वाचण्याजोगा राहिलेला नसतो. कारण तो चुलतभावाने काढला, काकांनी पाठवला, कुणीतरी वर 'आपला इतिहास' असं लाल अक्षरात लिहून पुन्हा टाकला.

मोडीत हात न उचलता लिहिलेलं असतं, अक्षराचा फरक एका वळणावर ठरतो. दाबलेल्या फोटोत शाईच्या रेघेभोवती राखाडी पिसारा येतो आणि वळण त्यात बुडतं. तरी शब्द संदर्भाने लागतो. आकडे लागत नाहीत. जुन्या हिशेबात रुपयापुढे एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. ५। म्हणजे सव्वापाच, ५॥ म्हणजे साडेपाच. दोन रेघांमधली फट बुजली की कर्जाची रक्कम बदलली! तारखेतला १ की ९ हाही रोजचा वाद. अशा वेळी मी सरळ 'वाचता येत नाही' म्हणते, मग लोक रागावतात.

सिग्नल_सुटला
ताई, मग एआयने शार्प का करून घेत नाही? आता फुकट ॲप आहेत. चेहरे तर असे स्वच्छ होतात की बास.

मोडीमोह
त्याचीच तर धास्ती आहे. परवा एकाने 'एन्हान्स' केलेला कागद पाठवला. इतका ठसठशीत की वाटावं कालच बोरूने लिहिलाय. पण अक्षरं मोडीची नव्हतीच, मोडीसारखी दिसणारी वळणं होती. मूळ धूसर फोटोत निदान कळत होतं की इथे कळत नाही.

झणझणीत
माझ्या पणजोबांना त्या ॲपने सरळ, पांढरेशुभ्र दात बसवले. घरात त्यांना कुणी दातांसह पाहिलेलंच नाही. आता आई म्हणते हाच फोटो फ्रेम करू, छान हसतायत.

अंशछेद
२०२० मध्ये ड्यूक विद्यापीठाच्या 'पल्स' नावाच्या प्रोग्रॅमला लोकांनी ओबामांचा बारीक, धूसर फोटो दिला, तर त्यातून एक गोरा गृहस्थ बाहेर आला. गेलेला तपशील परत येत नाही. प्रोग्रॅमने ज्या चेहऱ्यांवर शिक्षण घेतलं त्यातला एखादा शोभेलसा चेहरा तिथे भरला जातो.

उंबरठा
आकडे बदलण्यावरून २०१३ ची झेरॉक्स कंपनीची भानगड आठवली. डेव्हिड क्रिझेल या जर्मन संगणकतज्ज्ञाच्या लक्षात आलं की घराचा नकाशा स्कॅन केला तर खोल्यांची क्षेत्रफळं बदलून येतायत. तीन वेगवेगळ्या खोल्या, तिन्हींवर १४.१३! तेव्हा जेपीजीवर विश्वास ठेवूच नये.

अंशछेद
थांबा, जेपीजीवर नाहक आळ नको. तिथे जेबिग-२ ही वेगळी पद्धत होती. ती पानावरचे सारखे दिसणारे तुकडे शोधते, एकच साठवते आणि सगळीकडे तोच छापते. लहान अक्षरात ६ आणि ८ तिला सारखेच वाटले. जेपीजी ६ चा ८ करत नाही, दोन्हींचा डाग करतं. मोडीमोहताई म्हणतात तसं, डाग निदान डाग म्हणून दिसतो. ती पद्धत मात्र स्वच्छ, कोरीव आणि चुकीचा आकडा देत होती. आजच्या एन्हान्सवाल्या ॲपची चुलत बहीणच.

फ्लेक्सगिरी
धागा भरकटला पण मजा येतेय. जाता जाता, परीक्षांच्या फॉर्मचं कुणी बोललं नाही. बँकेच्या परीक्षेचा फॉर्म असेल तर फोटो २० ते ५० केबी, सही १० ते २० केबी. पोरं दुकानात येतात, "दादा, केबी कमी करून द्या." आधीच व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो मी अजून पिळतो. एकाची सही इतकी पिळली गेली की तो म्हणाला, ही माझी नाही, पण चालेल.

हिरवाचाफा
+१. माझ्या हॉलतिकिटावरचा फोटो बघून पर्यवेक्षक माझ्याकडे बघत बसले होते.

रानवारा
मूळ प्रश्नावर येऊ या का? काठपदरताई, असं करा. आधी प्रत्येक फोटो मुळात कुणी काढला ते शोधा आणि त्याच माणसाकडून मागवा. ग्रुपवर ज्याने टाकला त्याच्याकडून नको. व्हॉट्सॲपवरच हवा असेल तर त्यांना पेपरक्लिप दाबून 'डॉक्युमेंट' मधून पाठवायला सांगा. त्यात फोटोला हात लावत नाहीत, फाईल जशीच्या तशी येते, २ जीबीपर्यंत. ऑगस्ट २०२३ पासून एचडीचा पर्याय आला आहे, तो साध्यापेक्षा बराच बरा, पण त्यातही दाबतातच.
चौघांनी एकच फोटो दिला असेल तर पिक्सेल आणि केबी दोन्ही बघा. नुसते पिक्सेल बघू नका, कारण लहान फोटो कुणीतरी ताणून मोठा केलेला असू शकतो. त्या चारांतला कडेने कापलेला लगेच बाद करू नका, कधी कधी तोच मुळाच्या सर्वांत जवळचा असतो.

सिग्नल_सुटला
आणि ज्यांचे फोटो गूगल फोटोजवर आहेत त्यांना तिथून लिंक द्यायला सांगा. 'ओरिजिनल क्वालिटी' वर ठेवले असतील तर उत्तम. १ जून २०२१ च्या आधी फुकट 'हाय क्वालिटी' होतं, तेव्हा बहुतेकांनी तेच ठेवलेलं असतं. तेही १६ मेगापिक्सेलपर्यंत आकार तसाच ठेवतं, दाबलेले असले तरी छापायला चालतील.

टेपरेकॉर्डर
जुने कागदी फोटो असतील तर मोबाईलवर आलेल्यावर विसंबूच नका. अल्बम घरी आणा. ताकद असेल तर ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करा, दुकानातून केला तरी चालेल. स्कॅनची मूळ प्रत टिफ किंवा पीएनजीमध्ये ठेवा, त्यात सेव्ह करताना काही जात नाही. ग्रुपवर टाकायला वेगळा जेपीजी काढा. आणि दुरुस्ती दर वेळी मूळ प्रतीवरून सुरू करा. आधी दुरुस्त केलेल्या जेपीजीवर पुन्हा दुरुस्ती असं करत गेलात की परत वाण्यांची रांग लागली.

काठपदर
सगळ्यांचे आभार! भाच्याला आणि दिरांना हा धागा पाठवला. भाचा म्हणतो मी जिंकलो, दीर म्हणतात मी जिंकलो. शालूच्या फोटोची मूळ प्रत मामेबहिणीकडे निघाली, अल्बम तिच्याच कपाटात आहे. पण ती म्हणते, "अल्बम कशाला नेतेस, मी मोबाईलवर फोटो काढून टाकते ना."

झणझणीत
तिला वरती बॅटरी दिसू देऊ नको म्हणावं.

निमूट
मोडीमोहताई, वर चिडून लिहिलं त्याचा आणि याचा संबंध लावू नका, पण त्याच आजोळच्या वाड्याचा एक मोडी कागद माझ्याकडे आहे. फोटो पाठवू का?

मोडीमोह
जरूर. कागद काचेखाली नको, उजेड येईल पण ऊन पडणार नाही अशा खिडकीपाशी सपाट ठेवा. फ्लॅश बंद. शेजारी मोजपट्टी. आधी पूर्ण कागद, मग वरून खाली तुकड्यातुकड्याने, तुकडे एकमेकांवर थोडे चढू द्या. डॉक्युमेंट करूनच पाठवा. आणि मागची बाजूही.

निमूट
मागे काही नाही, कोरी आहे.

मोडीमोह
तरी पाठवा. घडीच्या जागी शेरा किंवा नाव असतं बऱ्याचदा, फिकट असतं म्हणून दिसत नाही. व्यनिमध्ये नंबर दिलाय.